बर्फ फुटायच्या सुमारास



आपल्याकडे पळस फुलून जातो, विहिरींचं पाणी खाली जाऊ लागतं, दुपारी घराबाहेर पडू नये असं वाटू लागतं, त्या फाल्गुन-चैत्राच्या सांध्यावर कुणी लोकरीचे कपडे बांधून पक्षी पाहायला निघालं, तर घरची माणसं त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहतात. "जायचंच आहे तर मे महिन्यात जा. कॉलेजला सुट्टी असते आणि तिकडे ऊनही असतं," असं मला घरच्यांनी सांगितलं, मित्रांनी सांगितलं, आणि तिकिटं काढून देणाऱ्या गृहस्थांनीही सांगितलं. सल्ला शहाणपणाचा होता. तो मी का ऐकला नाही, आणि न ऐकता प्रवास आखायचा तर तो कसा आखावा लागतो, हे आज आपल्याला सांगायचं आहे.

बाल्टिक समुद्र युरोपच्या उत्तर अंगाला आहे. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असेल, तर शिक्षकमित्रांनी उद्या मुलांना तो तिथे दाखवावा. नऊ देशांनी त्याला वेढलेलं आहे, आणि बाहेरच्या महासागराशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद सामुद्रधुन्यांपुरताच. त्यामुळे या समुद्राच्या दोन गोष्टी आपल्या कोकणच्या माणसाला चमत्कारिक वाटतील. एक, त्याचं पाणी धड खारट नाही. महासागराच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं; एस्टोनियाच्या किनाऱ्यावर ते ६-७ ग्रॅमच भरतं. म्हणून थंडीत उथळ आखातं चटकन गोठतात. दुसरी, या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. कोकणात खाडीवर पक्षी पाहायचे तर आपण तिथी मोजून पाण्याची वेळ काढतो, कारण चिखल उघडा पडला की पक्षी उतरतात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. बाल्टिकवर आपलं पंचांग चालत नाही. तिथे पाणी वाऱ्याने पुढेमागे होतं, आणि पक्ष्यांनी कुठवर यायचं ते बर्फ ठरवतो.

आता मे महिन्याचा प्रश्न. मे महिन्यात तिकडची रानं हिरवी होतात आणि गाणारे पक्षी दाखल होतात. त्यांत आपल्या ओळखीची एक पाहुणी असते. लाल छातीची लिटकुरी म्हणतात ती. चिमणीहूनही लहान, आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या झाडात बसून शेपटी वर झटकते आणि 'टिर्र, टिर्र' असा कोरडा आवाज काढते. नराच्या गळ्याला नारिंगी रंग असतो. ही हिवाळ्यात आपल्याकडे असते, आणि या जातीची घरटी ज्या रानांत होतात त्यांत बाल्टिकच्या काठची रानं येतात. तिला तिच्या माहेरी पाहावं अशी माझी फार इच्छा होती. पण तिच्यासाठी थांबलं, तर त्याआधीचं सगळं हुकतं. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचे दोन-तीन आठवडे असे असतात, की हिवाळ्याला आलेले पक्षी अजून गेलेले नसतात आणि उन्हाळ्याचे पक्षी यायला लागलेले असतात. झाडांना पानं नसतात, त्यामुळे जे काही आहे ते उघड्यावर दिसतं. दोन्ही गोष्टी एका प्रवासात मिळत नाहीत. मी लिटकुरी सोडली.

पहिल्या खेपेला मात्र मी एक मोठी चूक केली. तारखा ठरवताना कॉलेजच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहिलं, बर्फाचं पाहिलं नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सरळ एस्टोनियातल्या मात्सालूच्या आखातावर जाऊन उभा राहिलो. हे आखात म्हणजे पक्ष्यांचं मोठं ठाणं. १९५७ साली ते राखीव झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. त्याची सरासरी खोली फक्त दीड मीटर. इतकं उथळ पाणी म्हणजे बदकांना आणि हंसांना वाढून ठेवलेलं ताट. पण मी गेलो तेव्हा ताटावर झाकण होतं. डोळा पोचेल तिथवर पांढरा बर्फ, काठाला पिवळा वाळका बोरू, आणि दूर बर्फावर मांडी ठोकून बसल्यासारखा पांढऱ्या शेपटीचा एक प्रचंड समुद्रगरुड. चार दिवस मी लाकडी मनोऱ्यावर चढत होतो आणि उतरत होतो. गरुडही बहुधा कंटाळला असावा. ज्या बाईंकडे मी उतरलो होतो त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तुम्ही येण्याआधी कुणाला विचारलं का नाहीत? अजून पंधरवडा तरी आहे." मी पुस्तकांना विचारलं होतं. पुस्तकात सरासरी तारीख असते, आणि बर्फाला सरासरी ठाऊक नसते. एखादा हिवाळा सौम्य गेला तर आखात नीट गोठतही नाही. दुसऱ्या वर्षी एप्रिल उजाडला तरी फुटत नाही. पावसाच्या बाबतीत आपण हेच भोगतो. मृगाची तारीख कॅलेंडरात छापलेली असते, पण पेरणी काही कुणी कॅलेंडर पाहून करत नाही.

तेव्हा दुसऱ्या खेपेला आखणी उलटी केली, आणि तीच मी आपल्याला सांगेन. उत्तरेला जाऊन बर्फ फुटायची वाट पाहायची नाही. दक्षिणेला उतरायचं आणि बर्फाच्या मागोमाग उत्तरेकडे सरकत जायचं. पक्षीही तेच करतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिथुआनिया, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लॅटव्हिया, मग एस्टोनिया. तिन्ही देश २००७ सालापासून शेंगेन करारात असल्यामुळे एका व्हिसावर भागतं, आणि तिन्हींकडे युरो हेच नाणं चालतं. विमानाची तिकिटं लवकर काढावीत, पण मधल्या मुक्कामांच्या तारखा शेवटपर्यंत सैल ठेवाव्यात. चैत्रातल्या थंडीत तिकडे पर्यटक नसतात, त्यामुळे खोली मिळायची फारशी पंचाईत पडत नाही.

लिथुआनियात नेमुनास नदी समुद्राच्या खाजणाला मिळते तिथे तिचा त्रिभुज प्रदेश आहे. बर्फ वितळला की नदी पात्र सोडते आणि कुरणं मैलोगणती पाण्याखाली जातात. रुस्ने नावाच्या बेटाकडे जाणारा रस्ता वर्षानुवर्षं असा बुडायचा, आणि लोकांना, त्यांच्या मोटारींनाही, मोठ्या वाहनांवर चढवून पलीकडे न्यावं लागायचं. आता त्या जागी उंच पूल झाला आहे. आपल्याकडे पूर म्हणजे संकट. तिथेही ते काही सुखाचं नसतं, पण या उथळ पाण्यात उत्तरेच्या वाटेवरची बदकं आणि कलहंस हजारोंनी उतरतात. इथे शब्दांचा थोडा खुलासा करतो. हंस हा शब्द आपण सैलपणे वापरतो. लांब मानेचे, संपूर्ण पांढरे, ते राजहंस. करड्या-तपकिरी रंगाचे, शेतात चरणारे, ते कलहंस. तिकडे दोन्ही भरपूर.

आणि करकोचे. पांढरा करकोचा हा लिथुआनियाचा राष्ट्रीय पक्षी. २५ मार्च हा त्यांच्याकडे करकोच्याचा दिवस मानतात, कारण तो त्याच सुमारास परततो. खेडोपाडी विजेच्या खांबांवर, जुन्या धुराड्यांवर त्याची गाडीच्या चाकाएवढी घरटी असतात. पहिला करकोचा आपल्या घरट्यावर उभा राहून चोच वाजवू लागला की शेतकरी हातातलं काम थांबवून वर पाहतो. मी असं पाहणारा एक म्हातारा पाहिला. त्याने टोपी काढली नाही, काही बोलला नाही. नुसतं पाहिलं आणि पुन्हा खत पसरायला लागला.

हे पक्षी हिवाळ्यात जातात कुठे, हे कोडं सुटण्यात याच किनाऱ्याचा मोठा वाटा आहे. स्वीडनचे एक धर्मगुरू ओलाउस मॅग्नुस यांनी १५५५ साली छापलेल्या ग्रंथात असं लिहिलं आहे, की पाकोळीसारखे पक्षी हिवाळ्यात पाण्याखाली झोपतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर वर येतात. ग्रंथात त्याचं चित्रही आहे. आपण हसू नये. शरदात पक्षी पाण्याकाठच्या बोरूत जमतात, एका सकाळी नाहीसे होतात आणि बर्फ वितळल्यावर पुन्हा तिथेच दिसतात. बघणाऱ्याने याहून निराळा काय तर्क करावा? पुढे १८२२ साली जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्याजवळ क्ल्यूत्स या गावी एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत सुमारे ८० सेंटिमीटर लांबीचा भाला आरपार रुतलेला होता, आणि तो भाला आफ्रिकेतला होता. जखम घेऊन तो पक्षी घरी परत आला होता! रोस्टॉकच्या विद्यापीठात तो भाल्यासकट जतन करून ठेवला आहे.

पण दर वेळी भाला कुठून आणायचा? ही अडचण सोडवली ती एका शाळामास्तरांनी. डेन्मार्कमधल्या व्हीबॉर गावचे शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सेन यांनी आधी जस्ताची कडी करून पाहिली. ती जड पडली. मग १८९९ साली त्यांनी ॲल्युमिनियमची हलकी कडी केली, त्यांवर आकडे आणि पत्ता कोरला, आणि मैनेच्या कुळातल्या १६५ स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत ती घालून त्यांना सोडून दिलं. पक्ष्याच्या पायात कडं घालण्याची जगभरची पद्धत यातून वाढली. लवकरच, १९०१ साली, कुरोनियन वाळूपट्टीवर रोसिटन या गावी योहानेस थीनेमान यांनी जगातलं पहिलं पक्षी-निरीक्षण केंद्र काढलं. ही पट्टी पाहण्यासारखी आहे. समुद्र आणि खाजण यांच्यामध्ये ९८ किलोमीटर लांबीची वाळूची चिंचोळी भिंत, आणि तिच्यावरून पक्ष्यांचा महामार्ग. आज तिचा उत्तर भाग लिथुआनियात आणि दक्षिण भाग रशियात आहे; रोसिटनचं नाव रिबाची झालं आहे. माणसाने आपल्या भागात राहावं हे उत्तम. पलीकडच्या काठाला, लिथुआनियातच, व्हेंते या भूशिरावर दीपगृहाशेजारी १९२९ सालापासून असंच केंद्र चालू आहे. मात्र तिथली खरी गर्दी शरदात असते, तेव्हा वसंतात फार अपेक्षा धरून जाऊ नये.

लॅटव्हियात एकच ठिकाण सांगतो. कोल्का. दोन पाणी जिथे एकमेकांवर आपटतात असं टोक. उत्तरेकडे निघालेले ससाणे, शिक्रे आणि लहान पक्षी जमिनीच्या कडेकडेने येतात, टोकावर येऊन समोरचं पाणी पाहतात आणि बिचकतात. कित्येक मागे फिरतात, घिरट्या घालतात, पुन्हा येतात. नदीला पाणी चढलेलं असताना उतारावर घुटमळणारं जनावर आपण पाहिलं असेल, तसंच. मी गेलो त्या दोन्ही सकाळी धुकं होतं. तिसऱ्या सकाळी मी निघालो आणि बस सुटल्यावर ऊन पडलं.

मात्सालूला परत आलो तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा संपला होता. झाकण उघडलं होतं. काठावर अजून तुटक्या बर्फाचे ढीग, पण मध्ये निळं पाणी, आणि त्यावर राजहंसांचे कर्णे. क्रौंच पक्षी ओल्या कुरणात जोडीजोडीने नाचत होते. शेंडीवाल्या टिटव्या हवेत कोलांट्या घेत होत्या. शेजारच्या फिनलंडात जुनी शेतकरी मंडळी उन्हाळ्याचं अंतर पक्ष्यांवरून मोजत: चंडोल दिसला की महिना धरायचा, आणि धोबी पक्षी शेपटी हलवत अंगणात आला की थोडंच राहिलं म्हणायचं. पावशा ओरडला की बी-बियाण्याकडे वळणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

पांढऱ्या गालांचे काळे-करडे कलहंस तेव्हा नुकते यायला लागले होते. त्यांची संख्या गेल्या काही दशकांत खूपच वाढली आहे, आणि त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांचं आणि त्यांचं मुळीच पटत नाही. गव्हाचं कोवळं पीक आणि गुरांसाठी राखलेलं गवत हे पक्षी थव्याथव्याने चरतात. सरकार नुकसानभरपाई देतं. ती पुरत नाही अशी तक्रार असते. ज्वारीच्या हंगामात भोरड्यांवर गोफण फिरवून ज्याचा खांदा दुखला आहे, त्याने या भांडणात कुणाची बाजू घ्यावी ते मी सांगायला नको. मी स्वतः दुर्बीण घेऊन गेलेला पाहुणा. माझ्या दाण्याला कुणी चोच लावलेली नव्हती.

सगळ्यात शेवटी सारेमा हे बेट ठेवावं. व्हिर्त्सू बंदरातून अर्ध्या तासाची बोट आहे, आणि ती नुसती ओलांडणी समजून आत बसून राहू नये. डेकवर उभं राहावं. लांब शेपटीच्या बदकांची पहिली भेट तिथेच होते. काळा-पांढरा अंगरखा, आणि नराला शेपटीत दोन लांब, बारीक पिसं. हे बदक पन्नास मीटरहूनही खोल बुडी मारून तळाचे शिंपले खातं. वारा पडलेला असला की त्यांचं 'आ-आउलिक, आ-आउलिक' पाण्यावरून येतं. एकाचा आवाज नाही; शेकड्यांचा. एस्टोनियन भाषेत त्याला 'आउल' म्हणतात, म्हणजे पक्ष्याने स्वतःचं नाव स्वतःच ठेवलं म्हणायचं. बेटाच्या वायव्येला तागामोइसा भूशिराजवळ स्टेलरची आयडर बदकं हिवाळा काढतात. सैबेरियाच्या उत्तर टोकाची ही छोटी, देखणी बदकं एप्रिल सरता सरता निघून जातात. तीही पूर्वीइतकी राहिलेली नाहीत.

आणि आता आकडा. १९९२-९३च्या सुमारास सबंध बाल्टिक समुद्रावर मोजणी झाली तेव्हा लांब शेपटीची बदकं सुमारे ४३ लाख भरली. २००७ ते २००९ या काळात पुन्हा मोजली तेव्हा १५ लाखांच्या आत. पंधरा वर्षांत तिघांतले दोन गेले. जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत २०१२ साली त्यांना घालावं लागलं. कारणं एकाहून अधिक आहेत. मासेमारीच्या उभ्या जाळ्यांत बुडी मारणारं बदक अडकतं आणि गुदमरून मरतं; जहाजांतून सांडलेलं तेल पिसांना लागलं की थंडी आत शिरते; टुंड्रावर पिल्लंही पूर्वीइतकी वाचत नाहीत. डेकवर उभा राहून मी ते शेकडो आवाज ऐकत होतो तेव्हा मला ते पुष्कळ वाटत होते. शेजारी एक वयस्क खलाशी सिगारेट ओढत होता. माझी दुर्बीण पाहून तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "मी लहान होतो तेव्हा यांच्यामुळे झोप येत नसे." एवढं बोलून तो आत गेला.

काही किरकोळ सूचना राहिल्या. बदकं दूर असतात, तेव्हा साध्या दुर्बिणीबरोबर तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण हवी. दोघातिघांत मिळून एक पुरते. एकच जाड कोट नेण्यापेक्षा चार पातळ थर अंगावर चढवावेत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट तिथे घ्यावेत, इथून ओझं नेऊ नये. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे सरकवतात. मी ते विसरलो आणि एक बस गेली. तिथला दिवस त्या सुमारास रोज जवळजवळ पाच मिनिटांनी वाढतो, म्हणजे पंधरवड्यात पहाट पुष्कळ अलीकडे येते. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे मेंदूचा एक ताप होतो, त्याची लस निघण्यापूर्वी वेळेवर डॉक्टरांना विचारून घ्यावी. खाण्याचे हाल होत नाहीत. राय धान्याची काळी भाकरी सुरुवातीला आंबट लागते, मग आवडू लागते. एस्टोनियात 'कामा' नावाचं पीठ मिळतं. जव, राय, ओट आणि वाटाणे भाजून दळलेलं, ताकात कालवून खायचं. पहिला घास घेतला आणि मला आजोळचं सातूचं पीठ आठवलं. बाईंनी विचारलं, "कसं लागलं?" मी म्हटलं, "आमच्याकडेही करतात." त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी घरी आलो. ऊन भाजत होतं. कॉलेजच्या आवारातल्या आंब्याखाली सायकल लावत होतो, तेव्हा वरून 'टिर्र, टिर्र' असा आवाज आला. लिटकुरी अजून इथेच होती, गळ्याचा नारिंगी रंग आता चांगला गडद झालेला. फांदीवरून उडून माशी पकडत होती आणि पुन्हा फांदीवर येत होती. तिला अजून निघायचं होतं, आणि जिकडे निघायचं होतं त्या बाजूचा बर्फ मी नुकताच पाहून आलो होतो. दोन-तीन दिवस ती दिसत राहिली. मग एका सकाळी आवाज आला नाही.